साडेचौदा दिवसांच्या गर्भातलं हाड: जनुक कुठे चालू आहे हे आधी, किती चालू आहे हे नंतर

पीएच.डी. नुकतीच सुरू केलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मॅडम, गाइडनी एक जनुक दिलंय. ते काढून टाकलेल्या उंदरांचे पाय आखूड होतात. सांगाडा घडताना हे जनुक कधी आणि कुठे चालू होतं ते मला शोधायचंय. साडेबारा दिवसांच्या गर्भापासून जन्मापर्यंत रोज एक पाय घ्यायचा, वाटून त्यातून आरएनए काढायचा आणि क्यूपीसीआर करायचं, असं मी ठरवलंय. हे बरोबर आहे का? की सरळ सिंगल सेलच करू? आणि उंदीर किती लागतील?"

तुमचा बेत पहिल्या पावलालाच थांबवावा असं मला वाटतं. क्यूपीसीआर, म्हणजे नमुन्यात एखाद्या जनुकाचा आरएनए (चालू जनुकाची नक्कल) किती आहे ते मोजणं, वाईट म्हणून नव्हे. हाड हा अवयव असा आहे की तो वाटला की उत्तराचा सगळ्यात मोलाचा भाग खलबत्त्यातच जातो.

साडेपंधरा दिवसांच्या गर्भाचा दंड डोळ्यासमोर आणा. ह्युमरस, म्हणजे दंडाचं हाड, अजून बहुतांशी कूर्चेचं आहे. सांध्याकडच्या टोकाला गोल, विखुरलेल्या कूर्चापेशी दिसतात. तिथून मध्याकडे सरकलं की पेशी चपट्या होतात आणि नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. इथे विभाजन जोरात चालू असतं. आणखी पुढे त्या विभाजन थांबवतात आणि फुगायला लागतात. मग पूर्ण फुगलेल्या, हायपरट्रॉफिक पेशी. त्यांच्या पलीकडे रक्तवाहिन्या आत शिरलेल्या असतात आणि पहिलं खरं हाड बसायला लागलेलं असतं.

आता त्याच वाटेवर जनुकं बघा. गोल आणि चपट्या पेशींत सॉक्स-९, कोलॅजेन-२ आणि ॲग्रिकन चालू. फुगायला लागलेल्या पेशींत इंडियन हेजहॉग आणि पीटीएचआरपी या संदेश देणाऱ्या प्रोटीनचा रिसेप्टर, म्हणजे तो संदेश घेणारं प्रोटीन. फुगलेल्या पेशींत कोलॅजेन-१०. अगदी शेवटच्या ओळीत एमएमपी-१३, ऑस्टिओपाँटिन आणि रक्तवाहिन्यांना बोलावणारं व्हीईजीएफ. हाडाच्या बाजूला कोलॅजेन-१ आणि ऑस्टेरिक्स. आज गोल असलेली पेशी पुढच्या काही दिवसांत याच वाटेने जाणार असते. म्हणजे एकाच सेक्शनमध्ये, म्हणजे ऊतीच्या एका पातळ कापात, एका पेशीचं आयुष्य टोकापासून मध्यापर्यंत मांडून ठेवलेलं आहे. काळ इथे जागेच्या रूपात दिसतो. इतकी सोय फार थोड्या अवयवांत मिळते, आणि पाय वाटला की नेमकी तीच हातची जाते.

एक उदाहरण घेऊ. साडेतेरा दिवसांच्या पायात कोलॅजेन-१०चा आरएनए जेमतेम असतो, साडेपंधराला भरपूर. क्यूपीसीआरचा आलेख सरळ वर चढलेला दिसेल. पण प्रत्येक पेशी जास्त आरएनए बनवायला लागली की फुगलेल्या पेशींची संख्या वाढली? आलेख ते सांगत नाही. तुमच्या नॉकआउटमध्ये, म्हणजे जनुक काढून टाकलेल्या उंदरात, हाच आकडा निम्मा आला तर गोंधळ आणखी वाढतो. फुगलेल्या पेशी निम्म्या असतील. पेशी तितक्याच असून प्रत्येकीत आरएनए निम्मा असेल. किंवा गर्भाची वाढच अर्ध्या दिवसाने मागे असेल आणि उद्या सगळं सुरळीत दिसेल. तीन वेगळी जीवशास्त्रं आणि आकडा एकच. सेक्शनवर मात्र फुगलेल्या पेशी कमी आहेत, तितक्याच आहेत की सगळी वाढच मागे आहे, हे वेगळं दिसतं.

म्हणून माझा क्रम असा: आधी सांगाड्याचं रंगकाम, मग सेक्शनवर इन सिटू (जनुकाचा आरएनए ऊतीत जागच्या जागी रंगवून दाखवणं), मग क्यूपीसीआर. सिंगल सेलचा, म्हणजे एकेका सुट्या पेशीतला आरएनए वाचण्याचा, विचार त्याही नंतर.

पण त्याआधी एक दुपार संगणकासमोर घालवा. जेनपेंट आणि युरेक्सप्रेस या दोन सार्वजनिक संग्रहांत हजारो जनुकांचे इन सिटू फोटो आहेत आणि योगायोगाने दोन्हीकडे मुख्य वय साडेचौदा दिवसांचंच आहे. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीचा जीएक्सडी संग्रह प्रसिद्ध झालेल्या निकालांतून कोणत्या वयाला, कोणत्या ऊतीत, कोणत्या पद्धतीने काय दिसलं ते जुळवून ठेवतो. तुमचं जनुक बरगड्यांच्या कूर्चेत दिसतं का, जबड्यात दिसतं का, एवढं जरी कळलं तरी वयाची निवड सोपी होते. हे न बघता प्रोब, म्हणजे जनुकाच्या आरएनएला चिकटणारा तुकडा, बनवायला बसू नका. गर्भ काढण्यासाठी मारावी लागणारी एक उंदराची मादी वाचली तरी ती दुपार सत्कारणी लागली.

वय म्हणजे नेमकं काय

सकाळी मादीच्या योनीत प्लग (समागमानंतर राहणारा घट्ट गोळा) दिसला की त्या दिवशीची दुपार म्हणजे अर्धा दिवस. म्हणूनच आपल्याकडे सगळी वयं साडेची: साडेनऊ, साडेदहा, साडेबारा. पण हे वय आईचं आहे, गर्भाचं नव्हे. समागम रात्री नक्की कधी झाला ते आपल्याला माहीत नसतं, आणि एकाच गर्भाशयातली भावंडंसुद्धा काही तासांनी पुढेमागे असतात. सांगाड्यात काही तास पुष्कळ झाले. साडेचौदाच्या दोन भावंडांपैकी एकाच्या ह्युमरसमध्ये रक्तवाहिनी शिरलेली आणि दुसऱ्याच्यात नाही, हे मी कितीदा पाहिलं आहे.

त्यामुळे प्रत्येक गर्भाची अवस्था त्याच्या अंगावरून ठरवा. पुढच्या पंजाकडे बघा: पंजा अजून वल्ह्यासारखा सपाट आहे, बोटांमध्ये खाचा पडल्या आहेत, की बोटं सुटी झाली आहेत? थायलरच्या अवस्थांचा (उंदराच्या गर्भाच्या वाढीच्या ठरलेल्या पायऱ्यांचा) तक्ता भिंतीवर लावा आणि प्रत्येक गर्भाचा फोटो काढूनच पुढे जा. फोटोला अर्धा मिनिट लागतो आणि वर्षभराने एखादा गर्भ सगळ्यांपेक्षा वेगळा का वागला याचं उत्तर त्यात सापडतं.

दुसरं, पुढचे आणि मागचे पाय एकाच नळीत कधीही टाकू नका. पुढच्या पायाचा अंकुर साडेनऊच्या सुमारास दिसतो, मागचा साधारण अर्धा दिवस उशिरा, आणि हे अंतर पुढेही राहतं. दोन्ही मिसळले की दोन वयं मिसळली. तुम्ही "एक पाय" असं लिहिलंय. कोणता ते आजच ठरवा आणि मग बदलू नका.

मी तुमच्या जागी असते तर सगळी वयं एका दमात घेतली नसती. साडेबाराला पेशी एकत्र येऊन कूर्चेचा साचा बनायला लागलेला असतो आणि सॉक्स-९ व कोलॅजेन-२ यांच्यामुळे तो स्पष्ट दिसतो. साडेचौदाला मधल्या पेशी फुगलेल्या असतात. साडेपंधरा-साडेसोळाला पहिलं हाड. मग जन्माचा दिवस. सुरुवातीला ही चार वयं पुरेत. त्यात फरक कुठे सुरू होतो ते दिसलं की तिथेच अर्ध्या-अर्ध्या दिवसाने बारकाईने बघा. सांधा किंवा दुय्यम अस्थिकेंद्र (हाडाच्या टोकात नंतर हाड बनायला लागतं ती जागा) हा विषय निघाला तर वेळापत्रक बदलेल. उंदराच्या गुडघ्याजवळचं दुय्यम केंद्र जन्मानंतर आठवडा उलटताना दिसायला लागतं.

निळा आणि लाल

ॲल्सियन ब्लूने कूर्चा निळी, अलिझरिन रेडने खनिज बसलेलं हाड लाल. मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मांस विरघळू द्यायचं आणि ग्लिसरॉलमध्ये गर्भ काचेसारखा पारदर्शक करायचा. तंत्र जुनं आणि स्वस्त आहे, आणि आजही नवीन म्यूटंट (जनुक बदललेला उंदीर) हातात आला की मी पहिल्यांदा हेच करते. जनुकाबद्दल ते काहीच सांगत नाही. पण कोणतं हाड, कोणत्या वयात, किती मागे आहे हे सांगतं, आणि सेक्शन कुठे घ्यायचा ते त्यावरून ठरतं.

एक काळजी घ्या. ॲल्सियन ब्लूच्या द्रावणात ॲसिटिक ॲसिड असतं आणि नुकतं बसलेलं कोवळं खनिज त्यात विरघळून जातं. साडेचौदा-साडेपंधराच्या गर्भात लाल ठिपका दिसला नाही म्हणून हाड नाही असा निष्कर्ष काढू नका. त्या वयाचा एक गर्भ फक्त अलिझरिनने, आम्लाशिवाय रंगवा. शिवाय खनिज हा शेवटचा टप्पा असतो; ऑस्टेरिक्स आणि कोलॅजेन-१चा आरएनए त्याच्या आधीच हजर असतो. लाल आणि आरएनए यांचं वेळापत्रक एक नाही.

इन सिटू

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमची पहिली दीड वर्षं इथेच जाणार.

गर्भ अख्खा ठेवून इन सिटू करणं साडेबारा-साडेतेरापर्यंत ठीक. त्यानंतर कूर्चेभोवतीचं घट्ट द्रव्य प्रोबला आत जाऊ देत नाही, त्वचा रंग धरून ठेवते, आणि आत काहीच नसताना बाहेरून सगळं जांभळं दिसतं. म्हणून नंतरच्या वयांना सेक्शनच.

गर्भ चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये चार अंशांवर रात्रभर. साडेपंधरापर्यंत कॅल्शियम काढायची गरज सहसा पडत नाही. पुढच्या वयांना ईडीटीए वापरा, थंडीत, वेळ देऊन. घाई झाली म्हणून आम्ल वापरलं तर सेक्शन सुंदर येतील आणि आरएनए गेलेला असेल.

खरी कसोटी ब्लॉक बसवण्यात आहे. पाय कोपरात दुमडलेला असतो. दंड, कोपर आणि मनगट एकाच पातळीत येतील असा तो मेणात आडवा झोपवावा लागतो, मेण थिजायच्या आत, गरम सुईने. सेक्शन तिरका गेला की फुगलेल्या पेशींचा पट्टा आहे त्यापेक्षा लांब दिसतो, आणि कोणीतरी त्याची लांबी मोजून "हायपरट्रॉफिक झोन वाढला" असं लिहून मोकळं होतं. असे निकाल मी परीक्षणाला आलेल्या लेखांत पाहिले आहेत आणि दर वेळी वाईट वाटलं, कारण सहा महिन्यांचं काम एका तिरक्या ब्लॉकवर उभं होतं. नियम सोपा: ज्या सेक्शनमध्ये ह्युमरसची दोन्ही टोकं आणि मधली पोकळी एकत्र दिसते तोच मोजायचा. बाकीचे सराव करायला ठेवा.

प्रोब साधारण पाचशे ते हजार बेसचा, डिगॉक्सिजेनिन ही रंगासाठीची खूण लावलेला. शेजारशेजारच्या सेक्शनवर पाच प्रोब लावा: कोलॅजेन-२, इंडियन हेजहॉग, कोलॅजेन-१०, कोलॅजेन-१ आणि तुमचं जनुक. पहिले चार म्हणजे नकाशा. त्यांच्याशिवाय "मधल्या भागात रंग दिसला" हे वाक्य निरर्थक आहे. त्यांच्यासोबत तुम्ही म्हणू शकाल की रंग इंडियन हेजहॉगच्या पट्ट्याशी जुळतो आणि कोलॅजेन-१० सुरू होतं तिथे संपतो. तुम्हाला हवं असलेलं वाक्य हेच.

प्रोटिनेज-के या प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमची नवी बाटली आली की दर वेळी वेळ नव्याने ठरवा. कमी पडलं तर प्रोब आत जात नाही, जास्त झालं तर कूर्चा काचेवरून सोलून निघते. शेवटी रंगाचा टप्पा. स्लाइड अंधारात ठेवायची आणि दर अर्ध्या तासाने सूक्ष्मदर्शकाखाली न्यायची. कोलॅजेन-२चा आरएनए इतका असतो की तासाभरात पिकलेल्या जांभळाचा रंग चढायला लागतो: आधी ह्युमरसची कड, मग अल्ना आणि रेडियस, मग मनगटातले छोटे दाणे एकेक करून. ते पहिल्यांदा पाहिलेला दिवस मला अजून लख्ख आठवतो. एवढ्याशा पंजात पुढच्या सगळ्या हाडांची जागा आधीच ठरलेली होती. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरच्या, म्हणजे इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रोटीनच्या, प्रोबला मात्र रात्र जाते, कधी दोन.

हा रंग मोजमापाचा नव्हे. दुप्पट गडद म्हणजे दुप्पट आरएनए असं समीकरण इथे नाही. म्हणून म्यूटंट आणि त्याचं नॉर्मल भावंड एकाच काचेवर बसवा, एकाच प्रोबने, आणि रंग एकाच मिनिटाला थांबवा. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या दोन काचा शेजारी ठेवून केलेली तुलना मी मान्य करत नाही.

नकारात्मक नियंत्रण म्हणून बहुतेक जण सेन्स प्रोब (आरएनएच्याच क्रमाचा, म्हणून त्याला न चिकटणारा) वापरतात. चालतं, पण काही जनुकांच्या जागी उलट दिशेनेही आरएनए बनतो आणि मग सेन्स प्रोबही रंगतो. तुमच्याकडे नॉकआउट आहे. प्रोब जनुकाच्या काढून टाकलेल्या भागावर बनवा. नॉकआउटच्या सेक्शनवर रंग नाहीसा झाला तर त्याहून भक्कम पुरावा नाही. पैसे असतील तर आरएनएस्कोपसारखी तयार प्रोबची पद्धत घ्या, एकेक आरएनए ठिपक्यासारखा दिसतो आणि दोन-तीन जनुकं एकाच सेक्शनवर बघता येतात. तरी पहिला नकाशा स्वतःच्या हाताने करा.

निळी रेघ

तुमच्या नॉकआउटमध्ये जनुकाच्या जागी लॅक-झी हे जिवाणूंच्या एन्झाइमचं जनुक बसवलेलं असण्याची शक्यता आहे. बऱ्याच नॉकआउटमध्ये असतं. एक्स-गॅल हे रसायन टाकलं की जिथे जनुक चालू तिथे निळा रंग. सोपं वाटतं. पोस्टडॉकच्या काळात मी नवजात पिलांच्या मांडीच्या हाडाचे सेक्शन असेच रंगवले होते. कूर्चा संपून हाड सुरू होतं नेमकं तिथे निळी, रेखीव रेघ आली. लॅबच्या बैठकीत मी ती दाखवली आणि त्यावर पुढचे प्रयोगही आखले. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, "नॉर्मल भावंडाचा सेक्शन कुठे आहे?" मी तो रंगवलाच नव्हता. रंगवला तेव्हा त्याच्यातही तीच रेघ तिथेच होती.

हाड खाणाऱ्या पेशींत, ऑस्टिओक्लास्टमध्ये, स्वतःचं बीटा-गॅलॅक्टोसिडेज असतं आणि ते आम्लधर्मी वातावरणात एक्स-गॅलला निळं करतं. द्रावणाचा पीएच आठच्या आसपास नेला की तो निळा बराच कमी होतो. जिवाणूंचं एन्झाइम त्या पीएचलाही काम करतं. पण पीएच काहीही ठेवा, लॅक-झी नसलेलं भावंड त्याच डब्यात हवंच. माझे दोन महिने गेले त्याचं आता काही वाटत नाही. त्या दोन महिन्यांत वापरलेल्या पिलांचं वाटतं.

आरएनए, प्रोटीन आणि पेशीचा वंश

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रबंधांत त्या सर्रास एक होतात.

कोलॅजेन-२चा आरएनए पेशी फुगली की ओसरतो. पण आधी बनवलेलं कोलॅजेन-२ पेशीभोवतीच्या द्रव्यात तसंच राहतं, त्यामुळे अँटिबॉडीने रंगवलं तर फुगलेल्या पेशींचा पट्टाही रंगलेला दिसतो. दोन्ही निकाल खरे. एक सांगतो पेशी आत्ता काय करते, दुसरा सांगतो तिने आजवर काय केलं.

क्रे (डीएनए कापणारं एन्झाइम) आणि लॉक्सपी (ते जिथे कापतं ती खूण) वापरून केलेला मागोवा तिसरंच काही सांगतो. क्रे एकदा चालू झालं की ती पेशी आणि तिची सगळी संतती कायमची रंगते. कोलॅजेन-२च्या क्रेने रंगलेली पेशी हाडात सापडली म्हणून "ऑस्टिओब्लास्टमध्ये (हाड बांधणाऱ्या पेशींत) कोलॅजेन-२ व्यक्त होतं" असं लिहू नका. तिच्या पूर्वजात ते कधीतरी चालू होतं, एवढंच. पण योग्य प्रश्नाला ही पद्धत अमोल आहे. फुगलेल्या कूर्चापेशी मरतात आणि हाड बाहेरून आलेल्या पेशी बांधतात, असं आम्ही पाठ्यपुस्तकात शिकलो. २०१४मध्ये हाँगकाँगच्या आणि टेक्सासच्या गटांनी कोलॅजेन-१०च्या क्रेने फुगलेल्या पेशी रंगवल्या आणि त्यांची संतती ऑस्टिओब्लास्ट होऊन हाडात बसलेली दाखवली. नुसता आरएनए बघून हे कधीच कळलं नसतं, कारण वाटेत कोलॅजेन-१० बंद होऊन जातं.

टॅमोक्सिफेनने चालू होणारा क्रे वापरणार असाल तर ध्यानात ठेवा की ते इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर काम करतं आणि उंदराच्या हाडावर त्याचा स्वतःचा परिणाम होतो. नियंत्रण गटालाही तेवढंच टॅमोक्सिफेन हवं.

क्रम कसा लावतात

जनुक कुठे व्यक्त होतं हे कळल्यावर पुढचा प्रश्न येतो: कोण कोणाच्या आधी? यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी रंक्स-२ आणि ऑस्टेरिक्स या दोन जनुकांची जोडी समजावते.

१९९७मध्ये जपानमधल्या तोशिहिसा कोमोरी यांच्या गटाने आणि त्याच वेळी युरोपातल्या दुसऱ्या गटाने रंक्स-२ नसलेले उंदीर तयार केले. पिलं जन्मली, पण श्वास घेता न आल्याने लगेच दगावली. बरगड्यांना हाडच नव्हतं. रंगवलेला सांगाडा जवळजवळ सगळा निळा. २००२मध्ये बेनोआ द क्रोमब्रुग यांच्या गटाने ऑस्टेरिक्स नसलेले उंदीर दाखवले: त्यांनाही हाड नव्हतं. नुसता सांगाडा पाहिला तर दोन्ही कहाण्या सारख्या वाटतात. क्रम लागला तो जनुकांच्या अभिव्यक्तीवरून. ऑस्टेरिक्स नसलेल्या गर्भात रंक्स-२ चालू होतं. रंक्स-२ नसलेल्या गर्भात ऑस्टेरिक्स बंद होतं. म्हणजे रंक्स-२ आधी, ऑस्टेरिक्स नंतर. तुमच्या म्यूटंटवर हाच तर्क लावायचा आहे: नकाशातली कोणती जनुकं शाबूत आहेत आणि कुठपासून पुढची गायब आहेत?

याच उंदरात आणखी एक धडा आहे. रंक्स-२ नसताना ह्युमरस आणि फीमरमध्ये कूर्चापेशी फुगतच नाहीत, पण रेडियस, अल्ना, टिबिया, फिब्युलामध्ये फुगतात. ज्याने फक्त दंड पाहिला त्याचा निष्कर्ष एक, ज्याने फक्त पोटरी पाहिली त्याचा उलट. पुढे २००४मध्ये रंक्स-२ आणि रंक्स-३ दोन्ही काढल्यावर कुठेच फुगल्या नाहीत, तेव्हा कोडं सुटलं. दंडाबरोबर निदान एक खालचं हाड बघाच.

आणि उशीर की अडथळा, हे वेगळं करा. साडेचौदाला कोलॅजेन-१० नाही आणि साडेपंधराला आलं तर उशीर. साडेअठरापर्यंत आलंच नाही तर अडथळा. या दोन वाक्यांमधला फरक तुमच्या प्रबंधाचं शीर्षक बदलू शकतो.

आखूड पाय म्हणजे केवळ उंदराची गोष्ट नाही, हेही ध्यानात असू द्या. माणसांत ॲकाँड्रोप्लेजिया (हातपाय आखूड राहणारा बुटकेपणा) होतो तो एफजीएफआर-३ या जनुकातल्या बदलाने. १९९४मध्ये हे कळलं. रिसेप्टर जास्त चालतो आणि वाढ दाबतो. हाच रिसेप्टर उंदरातून काढला की हाडं उलट लांब होतात. तो ग्रोथ प्लेटच्या (हाड लांब करणाऱ्या, टोकाजवळच्या कूर्चेच्या) कूर्चापेशींत असतो हे पक्कं कळल्यामुळे नेमक्या त्या पेशींना उद्देशून औषध शोधता आलं. वोसोरिटाइड या औषधाला २०२१मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. "कुठे" या शब्दाची किंमत अशी मोजली जाते.

मग क्यूपीसीआर आणि सिंगल सेल

नकाशा हातात आला की क्यूपीसीआर उपयोगाचं. अख्खा पाय घेऊ नका. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचा आणि स्नायू काढा, साडेपंधरानंतर दोन्ही टोकांची कूर्चा आणि मधला हाडाचा भाग वेगळा करा. जन्मानंतरच्या हाडातून मज्जा काढूनच आरएनए घ्या, नाहीतर तुम्ही रक्तपेशी मोजत बसाल. तुलनेसाठी गॅपडीएच या एकट्या संदर्भ जनुकावर विसंबू नका: ग्रोथ प्लेटच्या मधल्या भागात ऑक्सिजन कमी असतो आणि कमी ऑक्सिजनमध्ये गॅपडीएच स्वतःच वाढतं. दोन-तीन संदर्भ जनुकं तपासून घ्या. तुमच्या जनुकाबरोबर कोलॅजेन-२, कोलॅजेन-१० आणि कोलॅजेन-१ही मोजा, म्हणजे नमुन्यात कोणत्या पेशी किती आल्या याचा अंदाज राहतो.

सिंगल सेल आत्ता नको. त्यासाठी पेशी सुट्या कराव्या लागतात, कोलॅजेनेजमध्ये, सदतीस अंशांवर, बराच वेळ. तेवढ्यात पेशी ताणाखाली येतात आणि फॉस, जुन यांसारखी जनुकं चालू करतात. ती हाडाची नसून तुमच्या प्रयोगाची असतात. मोठ्या, नाजूक हायपरट्रॉफिक पेशी फुटतात, हाडात रुतलेल्या ऑस्टिओसाइट बाहेर येतच नाहीत. म्हणजे तुमच्या प्रश्नाला सगळ्यात महत्त्वाच्या पेशीच यादीतून कमी होतात. शिवाय जो गट संगणक तुमच्यासमोर मांडेल त्याला "प्रीहायपरट्रॉफिक" (फुगायला लागलेला) म्हणायचं कशावरून? इन सिटूच्या नकाशावरूनच. नवीन जनुकं शोधायची असतील तेव्हा ही पद्धत नक्की करा. तुमच्या हातात जनुक आधीच आहे.

उंदीर किती

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीचा अर्ज भरताना हा आकडा लागेल. एक नॉर्मल आणि एक सदोष प्रत असलेले नर-मादी जोडले तर चौथा हिस्सा पिलं नॉकआउट निघतात. एका आईला सात-आठ गर्भ धरले तर साधारण दोन. प्रत्येक वयाला किमान तीन वेगवेगळ्या आयांचे गर्भ हवेत. एकाच आईची तीन भावंडं म्हणजे तीन स्वतंत्र नमुने नव्हेत. चार वयं, म्हणजे बारा आया, आणि एखाद्या गर्भाशयात नॉकआउट निघतच नाही म्हणून आणखी तीन-चार. गर्भ काढताना प्रत्येक वेळी आईचा जीव जातो, म्हणून तिच्या एकाही गर्भाचा एकही भाग वाया जाऊ देऊ नका. डावा पुढचा पाय ब्लॉकला, उजवा आरएनएला, मागचे दोन्ही पाय गोठवून, उरलेलं धड निळ्या-लाल रंगाला, आणि जनुकचाचणीसाठी योक सॅक (गर्भाभोवतीचं पातळ आवरण), म्हणजे शेपटीही शाबूत राहते.

नळ्यांवर नावं पेन्सिलने लिहा, कागदाची चिठ्ठी आत टाका. मार्करची शाई अल्कोहोलमध्ये जाते. आणि साडेचौदाच्या पहिल्या ब्लॉकवर तुमचं जनुक लावू नका. कोलॅजेन-२ आणि कोलॅजेन-१० लावा. दोन टोकांना जांभळं आणि मध्ये कोलॅजेन-१०चा एकच सलग पट्टा मिळाला, तोही तीन वेगळ्या गर्भांत, की मग तुमच्या प्रोबची बाटली उघडा.